फोन नसलेल्या मुलामुलींपर्यंतही निरोप वेळेवर पोहोचावा, यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मोखाडा तालुक्यातील आमचे सार्वजनिक वाचनालय स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, पोलीस भरतीसाठी मैदानी सराव, अकरावी व डिप्लोमा प्रवेशाचे मार्गदर्शन आणि सुट्टीतील वाचनवर्ग असे युवकांसाठीचे उपक्रम विनामूल्य चालवते. तरीही त्यांचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही, कारण शिबिराची तारीख, बदललेली वेळ, फॉर्म भरण्याची मुदत ही सारी माहिती आता मोबाईलवरूनच फिरते, आणि स्वतःचा स्मार्टफोन, चालू रिचार्ज व घरात रेंज या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्यालाच ती वेळेत कळते. पाड्यावरच्या उरलेल्या मुलामुलींना ती कळते तेव्हा बहुधा मुदत उलटून गेलेली असते. ही स्थिती बदलण्यासाठी वाचनालयाने एक काम हाती घ्यायचे ठरवले असून त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे.

आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राबतात, मधे होळीला गावी येऊन जातात. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर भट्टीवर जातो आणि शिकणारी मुलगी आजीपाशी किंवा आश्रमशाळेत राहते. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरताना ओटीपी मात्र वडिलांच्या फोनवर जातो. वडील त्या वेळी कच्च्या विटा थापत असतात, फोन झोपडीत असतो आणि काही मिनिटांत ओटीपी बाद होतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचे अर्ज त्याआधीपासूनच ऑनलाइन आहेत, आणि केंद्र सरकारच्या ‘मेरा युवा भारत’ या युवकांसाठीच्या मंचाची नोंदणीही 2023 पासून पोर्टलवरच होते. ज्या मुलांसाठी या योजना मुख्यतः आखलेल्या आहेत, तीच या एका ओटीपीपाशी अडतात.

यावर गावोगाव निघालेला तोडगा म्हणजे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा नंबर टाकणे. त्या दिवशी काम होते. पण पुढे पासवर्ड बदलायचा, यादीत नाव लागल्याचा संदेश पाहायचा किंवा त्रुटी दुरुस्त करायची, तर प्रत्येक वेळी त्याच दुकानात जावे लागते आणि मुलाचे खाते दुसऱ्याच्या हाती राहते. म्हणून वाचनालयाचा नंबरही कोणाच्या फॉर्मवर टाकायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या नावे सिम मिळत नसल्याने आईच्या, ती बाहेरगावी असल्यास आजीच्या नावे सिम काढून ते साध्या कीपॅडच्या फोनमध्ये घालून घरीच ठेवायचे, आणि फॉर्मच्या हंगामात त्याचा रिचार्ज वाचनालयाने करायचा, अशी ही व्यवस्था आहे. ओटीपीसाठी स्मार्टफोन लागत नाही. फॉर्म वाचनालयातील संगणकावर भरता येतो.

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांपैकी 33 टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरलेले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण 57 टक्के होते. परंतु फोन असलेली मुलगीही व्हॉट्सअॅप गटात राहीलच असे नाही. गटात नाव घातले की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो, अनोळखी मुलांचे संदेश व फोन सुरू होतात, आणि घरचे तिला गटातून बाहेर काढतात किंवा फोनच काढून घेतात. पालकांची ही काळजी रास्त आहे, तिला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे. यासाठी उपक्रमांच्या सूचना यापुढे गटाऐवजी व्हॉट्सअॅप चॅनेलवरून दिल्या जातील, कारण तेथे एका सदस्याचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मुलींना फोन करण्याचे काम महिला स्वयंसेवकच करतील आणि कोणाचाही फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकला जाणार नाही.

सूचनेचा फोटो काढून पाठवण्याची पद्धतही बंद करायची आहे. दृष्टिबाधित मुलांच्या फोनमधील टॉकबॅक टाइप केलेला मराठी मजकूर वाचून दाखवतो. शिक्का मारलेल्या कागदाच्या तिरप्या फोटोपुढे त्याचा उपयोग होत नाही. शिवाय चार ओळींचा मजकूर कमी रेंजमध्येही पोहोचतो, फोटो नुसता फिरत राहतो. प्रत्येक सूचना युनिकोडमध्ये टाइप करून पाठवणे, तीच सूचना ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लावणे, आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारात वाचून दाखवणे आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी मिस्ड कॉल दिल्यास उलट फोन करून सांगणे, एवढे झाल्याशिवाय कोणत्याही उपक्रमाची नोंदणी बंद करायची नाही, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले होते. तो अधिकार पाड्यापर्यंत न्यायचा तर त्यासाठी माणसे आणि साधने दोन्ही लागतात.

साधनांपैकी सर्वात आधी हवे आहेत चार चालू स्थितीतील लॅपटॉप. ते वापरलेले असले तरी चालतील, मात्र रॅम किमान 8 जीबी असावी आणि चार्जर सोबत असावा. बंद पडलेली यंत्रे कृपया देऊ नयेत, कारण दुरुस्तीसाठी ती नाशिकला न्यावी लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते आणि नेमके तेव्हाच प्रवेशाचे फॉर्म सुरू असतात. म्हणून एक इन्व्हर्टर व त्याची बॅटरी ही दुसरी निकड आहे. त्याखेरीज ब्रॉडबँडचे वर्षभराचे शुल्क, साधे कीपॅडचे फोन, त्यांचे रिचार्ज आणि हेडफोन लागतील. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली मोफत मिळते, तिच्यासाठी वेगळा खर्च नाही.

पैसे किंवा वस्तू देणे शक्य नसेल त्यांनी वेळ द्यावा. मे ते ऑगस्ट या काळात शनिवार-रविवारी फॉर्म भरून घेण्यासाठी माणसे कमी पडतात. वारली, ठाकरी किंवा कातकरी बोलणारे कॉलेजचे विद्यार्थी आले तर फारच बरे होईल, कारण उत्पन्नाचा दाखला कशाला हवा हे आजीला तिच्या बोलीत सांगितले की कागद भराभर गोळा होतात. मुंबई, ठाणे, नाशिक येथे नोकरीनिमित्त असलेल्या तालुक्यातील मंडळींना मिस्ड कॉलला उलट फोन करण्याचे काम घरबसल्याही करता येईल.

देणगी वाचनालयाच्या बँक खात्यात किंवा वाचनालयाच्या नावे रेखांकित धनादेशाने द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. आयकर सवलतीसाठीचे 80जी प्रमाणपत्र वाचनालयाकडे सध्या नाही, हे देणगीदारांनी लक्षात घ्यावे. मिळालेल्या प्रत्येक वस्तूची नोंद जडवस्तू नोंदवहीत होईल, जमाखर्च दर तिमाहीला फलकावर लावला जाईल आणि वर्षअखेरीचे लेखापरीक्षण नेहमीप्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयास सादर होईल. दहावीचा निकाल लागण्यापूर्वी लॅपटॉप व इन्व्हर्टर बसवून व्हावेत यासाठी शक्यतो एप्रिलअखेरपर्यंत मदत पोहोचवावी, ही विनंती.

आपले,
कार्यकारी मंडळ व ग्रंथपाल