सर्व्हेअरना बॅटरीचेही शिक्षण हवे

पुरात बुडालेल्या वाहनांच्या रखडलेल्या विमा दाव्यांवरील आपला लेख वाचला. त्यात दिरंगाईवर बोट ठेवले आहे, ते योग्यच. पण विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या प्रशिक्षणाचा मुद्दा राहून गेला. पेट्रोल गाडीत एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि तशात सेल्फ मारला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टरमधला गाळ आणि वाकलेला रॉड पाहिला की कारण कळते. इलेक्ट्रिक गाडीत यातले काहीच नसते. तिथे बॅटरी पॅकचे सील, कनेक्टरवरचा हिरवट गंज, इन्सुलेशनचा रोध आणि बीएमएसमधले (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेतले) फॉल्ट कोड तपासावे लागतात. ते न जमल्यास धड पॅकही बाद ठरतो, किंवा पाणी शिरलेला पॅक तसाच गाडीत राहून पुढे आगीचा धोका उभा राहतो.

विमा नियामक आयआरडीएआयचा सर्व्हेअर परवाना ३ वर्षांचा असतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये विमा अ‍ॅडजस्टरना (दाव्यांची तपासणी करणाऱ्यांना) दर २ वर्षांनी २४ तासांचे शिक्षण सक्तीचे आहे. त्यातले ३ तास नीतिमत्तेचे. आपल्याकडे सर्व्हेअरच्या मोटार विभागाच्या परवान्याच्या नूतनीकरणाआधी बॅटरी पॅकवर प्रत्यक्ष कामाचे किमान ६ तास सक्तीचे करावेत. नुसत्या व्याख्यानाची हजेरी त्यात धरू नये.

– एक मोटार सर्व्हेअर, नाशिक