फॉरमॅटिंगवरचे वाद पुरे, आता टाइप चेकिंगकडे बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पायथन शिकण्याबद्दल आपल्या पेपरात बरंच छापून येतं आणि यायलाच हवं, पण त्यात एक गोष्ट जवळपास नेहमी सुटते म्हणून हे पत्र लिहितोय. लूप, फंक्शन, क्लास, मग डेटा सायन्स नाहीतर वेबसाइट, हे सगळं शिकवतात, पण प्रोजेक्ट सुरू करताना फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल), लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं) आणि टाइप चेकर (आकडा, मजकूर असे डेटाचे प्रकार जुळतात का ते तपासणारं) कसा लावायचा हे कोणी सांगतच नाही. मुलं कामाला लागतात, पहिला कोड रिव्ह्यूला टाकतात आणि त्यावर ढीगभर कमेंट येतात, त्यातल्या निम्म्या तर अवतरणचिन्ह सिंगल हवं की डबल आणि ओळ कुठे तोडायची यावरच असतात. दुसऱ्यांचा पायथन कोड तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की ही तिन्ही टूल्स पहिली फाइल लिहायच्या आधी लावावीत, आणि डोकं चालवायचं ते टाइप चेकिंगवर चालवावं. सध्या नेमकं उलटं चाललंय, फॉरमॅटिंगवर तासन्‌तास चर्चा आणि टाइपचं नंतर बघू.

फॉरमॅटिंगचा विषय खरं तर कधीच संपलाय. पीईपी ८ हा पायथनचा स्टाइल गाइड २००१ चा, त्यात ओळ ७९ अक्षरांची सांगितलीय आणि टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत चालतं असंही तिथेच लिहिलंय. मग २०१८ मधे वुकाश लांगा यांनी ब्लॅक हे फॉरमॅटर टूल आणलं, ८८ ची ओळ ठरवली आणि मुद्दाम सेटिंग्ज अगदी कमी ठेवली, कारण सेटिंग जितकी जास्त तितके वाद जास्त. आता रफ आहे, रस्ट भाषेत लिहिलेलं आणि प्रचंड फास्ट, आधी ते फक्त लिंटर होतं, २०२३ पासून फॉरमॅटरही आहे, आणि त्याची ओळही ८८ चीच. दोनातलं कुठलंही एक घ्या, जसं येतं तसं वापरा आणि पुढे चला. आवडीनिवडीसाठी मीटिंग घेऊ नका प्लीज.

सेटिंग्ज कुठे लिहायची हा प्रश्न हमखास येतो. सगळी एकाच पायप्रोजेक्ट डॉट टॉमल (pyproject.toml) फाइलमधे. ब्लॅक, रफ आणि मायपाय हा टाइप चेकर, सगळे तिथून वाचतात, त्यामुळे चार वेगवेगळ्या आयएनआय आणि सीएफजी फाइल्स सांभाळत बसायला लागत नाही. किमान कुठलं पायथन व्हर्जन लागेल तेही तिथेच लिहा, रफ ते बघून कुठली जुनी पद्धत बदलता येईल ते ठरवतं.

लिंटिंगचं वेगळं आहे, इथे थोडा विचार लागतो. रफ नुसतं इन्स्टॉल केलं तर मुळात थोडेच नियम चालू असतात, न वापरलेला इम्पोर्ट, नाव डिफाइन केलेलंच नाही, असे ढोबळ. माझं मत, त्यात बी म्हणजे बगबेअरचे, नेहमीच्या चुका पकडणारे नियम, आय म्हणजे इम्पोर्टचा क्रम आणि यूपी म्हणजे जुन्या सिंटॅक्सचे नियम हे टाकायचेच. बगबेअर का, तर फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देणं ही पायथनमधली जुनी खोड, ती लिस्ट फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक कॉलमधे तीच वापरली जाते, म्हणजे आधीच्या कॉलमधला डेटा पुढच्या कॉलमधे शिल्लक राहतो आणि माणूस दिवसभर शोधत बसतो, हे बी००६ या नियमाला सेकंदात सापडतं. पण उत्साहाच्या भरात ऑल लिहून सगळेच नियम चालू करू नका, त्यातले काही एकमेकांच्या विरुद्ध आहेत, काही फॉरमॅटरशी भांडतात, आणि इतक्या सूचना येतात की टीम त्या वाचायच्याच सोडून देते. आणि एखाद्या ओळीवर नियम बंद करायचाच असेल तर नुसती नोक्यूए (noqa) ही कमेंट लिहू नका, त्याने त्या ओळीवरचे सगळेच नियम गप्प होतात, पुढे नियमाचा कोड लिहा.

आता टाइप चेकिंग, ज्यासाठी खरं हे पत्र. पायथन ३.५ मधे, २०१५ साली, पीईपी ४८४ मुळे टाइप हिंट्स आल्या, म्हणजे कुठला डेटा कुठल्या प्रकारचा ते कोडमधेच लिहायची सोय. प्रोग्रॅम चालताना पायथन स्वतः त्या तपासत नाही, इंटिजर लिहून स्ट्रिंग दिली तरी गुपचूप चालतं, म्हणून मायपाय किंवा पायराइटसारखा चेकर वेगळा चालवावा लागतो. आणि इथे एक मोठी फसगत होते जी मला वारंवार दिसते. टीम मायपाय लावते, रन करते, एकही एरर येत नाही, सगळे खुश. पण ज्या फंक्शनला टाइप हिंटच नाही त्याच्या आतला कोड मायपाय डीफॉल्टने तपासतच नाही! म्हणजे ज्या जुन्या कोडची सगळ्यात जास्त भीती तोच न तपासता पास. चेक अनटाइप्ड डेफ्स हे सेटिंग चालू केलं की मग खरं चित्र दिसायला लागतं. दुसरी पळवाट म्हणजे ज्या लायब्ररीचे टाइप सापडत नाहीत त्यांच्या एरर सगळ्या प्रोजेक्टसाठी एकदम बंद करणं, मग तिथून येणारी प्रत्येक गोष्ट एनी (Any, म्हणजे कुठलाही टाइप) होते आणि एनीला सगळंच चालतं, स्पेलिंग चुकलेली मेथडसुद्धा. ते सेटिंग फक्त त्या एका मॉड्यूलपुरतं ओव्हरराइडमधे टाका.

फायदा काय असं विचारतात. साधं उदाहरण, युजर शोधणारं फंक्शन, सापडला तर युजर देतं, नाही सापडला तर नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) देतं. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, सहा महिन्यांनी ते वापरणाऱ्याला नसतं, तो सरळ ईमेल काढायला जातो आणि नेमका एखादा युजर नसेल तेव्हा प्रोग्रॅम पडतो, तोही प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात. रिटर्न टाइपमधे युजर किंवा नन असं लिहिलेलं असेल तर मायपाय तिथेच अडवतं की आधी नन आहे का ते तपास. टेस्टमधे ही केस कोणी लिहिलेली असेलच असं नाही, रिव्ह्यूमधे डोळ्यांनी दिसेल असंही नाही.

जुना मोठा प्रोजेक्ट असेल तर पहिल्याच दिवशी मायपायचं स्ट्रिक्ट, म्हणजे कडक सेटिंग चालू करू नका, एररचा पूर बघून लोक टूलच काढून टाकतात. नवीन मॉड्यूलला कडक, जुन्याला सैल, आणि हळूहळू एकेक जुनं मॉड्यूल कडक यादीत आणा. फॉरमॅटिंग मात्र एकदाच, सगळ्या फाइल्सना, वेगळ्या कमिटमधे (गिटमधली बदलांची एक नोंद), त्यात दुसरा एक अक्षराचाही बदल नको. गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी यादी, खराब होईल म्हणून लोक घाबरतात पण गिट २.२३ पासून असे कमिट ब्लेममधून वगळायची सोय आहे, त्यांचे हॅश (ओळखीचे कोड) एका फाइलमधे लिहून ठेवायचे आणि गिटला ती फाइल सांगायची.

आणि हे सगळं सीआयमधे (कोड पाठवला की आपोआप तपासण्या चालवणारी टीमची यंत्रणा) चाललं पाहिजे, फक्त एकेकाच्या लॅपटॉपवर नाही. टूलचं व्हर्जन फिक्स करा, नाहीतर एकाकडे पास, दुसऱ्याकडे फेल. प्री-कमिट (कमिट करायच्या आधी तपासण्या चालवणारं टूल) वापरत असाल तर लक्षात ठेवा, तिथे मायपाय स्वतःच्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधे चालतं, तुमच्या लायब्ररी त्याला दिसत नाहीत, त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. त्यामुळे मी म्हणेन फॉरमॅटर आणि लिंटर प्री-कमिटमधे ठेवा, मायपाय सीआयमधे, जिथे सगळ्या लायब्ररी असतात. एडिटरमधे पायराइट आणि सीआयमधे मायपाय असेल तर दोघांचं मत कधीकधी वेगळं येणार, तेव्हा कोणाचं ऐकायचं ते टीमने आधीच ठरवावं.

माझी विनंती एवढीच की पायथन शिकवणारा पुढचा लेख छापाल तेव्हा पहिल्या प्रोग्रॅमसोबतच पायप्रोजेक्ट डॉट टॉमलचं दहा-बारा ओळींचं उदाहरणही छापा, म्हणजे नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या फंक्शनपासून टाइप लिहायची सवय लागेल.

आपला नियमित वाचक