नाव एक, आजार ज्याचा त्याचा

महोदय,

मानसिक आरोग्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यातल्या नैराश्याच्या लक्षणांच्या यादीत उदासी सर्वांत वर होती. माझे यजमान उदास कधी दिसलेच नाहीत. ते चिडायचे, पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे. त्याच सुमारास माझ्या धाकट्या जावेलाही डिप्रेशनच सांगितलं होतं. ती दिवसभर झोपून असायची. दोघांना गोळी एकच. तिला दीड महिन्यात उतार पडला, यांना नाही. ओपीडीत ‘बरं वाटतंय का?’ एवढाच प्रश्न आणि पुढची तारीख.

फरक पडला तो एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी लिहायला लावलेल्या वहीमुळे. साधी दोनशे पानी वही, रोजचे चार रकाने: झोप किती तास, घराबाहेर पडले का, कुणाशी बोलले का, आणि रात्री मनाला दहापैकी किती गुण. तीन आठवड्यांनी बाईंनी पानं उलटली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. दोन दिवस कुणाशी बोलणं झालं नाही की यांचे गुण घसरायचे, आणि झोप उडायची ती त्यानंतर. आम्ही घरचे सगळे नुसते झोपेच्या मागे लागलो होतो! मग रोज दूध आणायला यांनीच जायचं आणि येताना जुन्या मित्राकडे टेकायचं असं ठरलं. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच राहिल्या, हे मुद्दाम सांगते.

क्लिनिकल सायकॉलॉजी शिकणाऱ्या माझ्या पुतणीने सांगितलं, की अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतल्या ३,७०३ नैराश्यग्रस्तांची लक्षणं दोन संशोधकांनी तपासली, तेव्हा लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच निघाले. २०१५ सालचा हा अभ्यास. सर्वाधिक आढळलेला संचही शंभरात दोघांमध्येसुद्धा नव्हता. औषध लागू पडतं का, हे ठरवायला शेकडो रुग्णांची सरासरी लागतेच. पण समोर बसलेल्या माणसाचं दुखणं कशाने वाढतं, हे त्या सरासरीत सापडत नाही. त्यासाठी एकेका माणसाच्या महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी हव्यात. आपल्या विद्यापीठांनी असं संशोधन मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तज्ज्ञ कमी आहेत, हे मान्य. पण गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचे उपचार देऊन पाहिले. माणसाच्या रोजच्या हालचालींवरच त्यांचा भर होता. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. उपयोग झाला होता.

आमच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपरसोबत अशी वही द्यावी. तिच्या छपाईसाठी आम्ही निवृत्त मंडळी वर्गणी काढू. ती उलटून बघायला दहा मिनिटं आणि एक माणूस, एवढं शासनाने द्यावं.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली