शौलाची बाजू

एडिसन, न्यू जर्सी
2 ऑगस्ट 2009

प्रिय आप्पा,

जय ख्रिस्त.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई तुमच्या कानाशी ओरडून सांगते, आणि त्यात माझं बोलणं भलतंच होऊन पोचतं. मागच्या खेपेला मी 'शौलाची मालिका बंद पडली' म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, 'कुठली शाळा बंद पडली?' म्हणून आज उपासनेहून आल्यावर भात टाकला आणि हे पत्र लिहायला बसले. विषय तुमच्याच खात्यातला आहे, सावकाश वाचा.

मालिकेचं नाव 'किंग्ज'. एनबीसी या मोठ्या वाहिनीवर 15 मार्चला, रविवारी रात्री आठ वाजता तिचा दोन तासांचा पहिला भाग लागला. गोष्ट बायबलच्या पहिल्या शमुवेलातली, शौल राजाची आणि त्याच्यामागून राजा झालेल्या दावीदाची, पण काळ आजचा. गिलबोवा नावाचं राज्य, शिलो ही त्याची राजधानी, आणि शिलो म्हणजे उघड उघड न्यूयॉर्क. काचेचे मनोरे, काळ्या गाड्या, पत्रकार परिषदा. राजा सूट घालतो आणि सकाळी पेपर वाचतो. शौलाचं नाव ठेवलंय सायलस बेंजामिन, म्हणजे बन्यामीन वंश आडनावात आला. दावीद झाला डेव्हिड शेफर्ड. शौलाची मुलगी मीखल झाली मिशेल, मुलगा योनाथान झाला जॅक, आणि संदेष्टा शमुवेल झाले रेव्हरंड सॅम्युएल्स. सेनापती अबनेर मात्र अबनेरच राहिला. दावीदाच्या बापाची, इशायाची, तर त्यांनी बाईच करून टाकली! डेव्हिडच्या विधवा आईचं नाव जेसी.

आणि दावीदाने गोफणीने पाडलेला धिप्पाड गल्याथ? इथे तो माणूसच नाही. शत्रूचं राज्य गथ, आणि त्यांच्या रणगाड्याच्या जातीला गोलायथ म्हणतात. तुम्ही ह्यूम चर्चच्या संडे स्कूलमध्ये 'सहा हात आणि एक वीत' म्हणताना चवड्यांवर उभे राहायचात, दोन्ही हात वर, आणि मागच्या बाकावरची पोरं मान वर करून खरंच छताकडे बघायची. इथे अंधारातून तो लोखंडी डोंगर घरघरत येतो आणि एक साधा शिपाई एकटा त्याच्या समोर जातो. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण गोफण नाही, ओढ्यातले पाच गोटे नाहीत, याची चुटपुट लागली ती लागलीच.

दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात चहाच्या सुट्टीत याचीच चर्चा. आमची सीनियर नर्स कृष्णवर्णीय, बॅप्टिस्ट चर्चची, जुना करार तिला तोंडपाठ. रेव्हरंड सॅम्युएल्सचं काम इमन वॉकर या कृष्णवर्णीय नटाने केलंय. बाई त्याच्यावर बेहद्द खूश. तो राजाच्या तोंडावर 'देवाने तुला सोडलं' हे ज्या ठसक्यात सांगतो, तसंच आमचे पास्टर बोलतात, म्हणाली. राजाने गावाबाहेर दुसरं बिऱ्हाड ठेवलंय, तिथे एक आजारी मुलगा आहे, हे दिसल्याबरोबर ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, 'ही रिस्पा!' आप्पा, रिस्पा म्हणजे शौलाची उपपत्नी हे न अडखळता सांगणारी माणसं आपल्या नगरात तरी किती सापडतील?

तिच्या शेजारी आमच्या लॅबमधला तरुण टेक्निशियन डबा खात बसला होता. त्याने बायबल कधी उघडलेलं नाही. त्याला हे सगळं राजवाड्यातलं राजकारण वाटलं. राजाचा मेहुणा उद्योगपती आहे, त्याला युद्धातून पैसा मिळतो. राजा तह करायला निघतो तसा मेहुणा आपला पैसा काढून घेतो आणि तिजोरी रिकामी पडते. मार्च महिन्यात इथे बँका एकामागून एक सरकारच्या दारात हात पसरून उभ्या होत्या, त्यामुळे त्याला हे फार पटलं. 'ही आमचीच बातमी आहे,' म्हणाला. दोघं एकच मालिका बघत होते, पण एकमेकांशी बोलायला लागले की वाटायचं, यांच्या घरी वेगवेगळ्या वाहिन्या लागतात.

माझ्या मते मालिकेचं घोडं इथेच पेंड खातं. मी पाहिलेल्या जाहिरातींत नारिंगी फुलपाखरू असायचं, राजाचा चेहरा असायचा, पण दावीदाचं नाव कुठेच नाही. ज्यांनी चर्चमधून आल्यावर पाय पसरून ही आवडीने बघितली असती त्यांना कळलंच नाही की ही आपली गोष्ट आहे. आणि ज्यांना देवाधर्माचं वावडं, ते बघायला बसले तर राजा दर दहा मिनिटांनी आकाशाकडे बघून देवाशी भांडतोय! ते उठून गेले. पहिल्या रात्री 60 लाखांच्या आसपास लोकांनी बघितली म्हणे. एवढ्या देशात एवढ्या मोठ्या वाहिनीला ते पुरत नाही. नंतर आकडा घसरतच गेला. एप्रिलमध्ये मालिका शनिवारी रात्री टाकली. शनिवार रात्र म्हणजे इथल्या टीव्हीची अडगळीची खोली, माणसं घरात नसतातच. तिथे एक भाग दाखवून बंद. मग 13 जूनपासून उरलेले भाग उन्हाळ्यात संपवून टाकले. गेल्या आठवड्यात, 25 जुलैला, शेवटचा लागला.

फुलपाखराचं सांगायचं राहिलं. सायलसची आख्यायिका अशी की राजा होण्याआधी फुलपाखरं येऊन त्याच्या डोक्यावर मुकुटासारखी बसली. ती देवाची खूण. म्हणून झेंड्यावरही फुलपाखरू. पहिल्या भागाच्या शेवटी तीच फुलपाखरं डेव्हिडच्या डोक्यावर येऊन बसतात आणि राजा हे लांबून बघतो. शिंगातलं अभिषेकाचं तेल कुठे गेलं म्हणून सीनियर बाई नाराज, पण मला विचाराल तर हे जमून गेलंय. कारण आपण बघतो ती फुलपाखरं नाहीत, राजाचा चेहरा बघतो. इयन मॅकशेन नावाचा इंग्रज नट आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नंतर येतो, आधी एखाद्या पोराला खेळातून बाहेर काढल्यावर येते तशी कळा येते. त्या क्षणापासून मी शौलाच्या बाजूला गेले ते तेरा भाग तिथेच राहिले.

मी एकटी नाही. ज्याला विचारावं तो राजावर लट्टू. डेव्हिड गोरागोमटा, सरळ, नाकासमोर चालणारा. आमच्या इथले एक ज्यू डॉक्टर म्हणाले, या पोराने आयुष्यात गोठ्यातला शेण-कचरा काढलेला दिसत नाही, हा कसला मेंढपाळ. बायका तर राणी रोझच्या साड्यांवर, म्हणजे गाऊनवर, फिदा. एडिसनमधल्या आपल्या मराठी मैत्रिणी, देशपांडे-जोशी मंडळी, त्यांना शौल कोण नि दावीद कोण काही ठाऊक नाही. त्यांनी सरळ धृतराष्ट्र-दुर्योधन लावून बघितली, आणि मग जॅकपाशी येऊन अडल्या. 'हा दुर्योधन की विकर्ण?' मी म्हटलं, मूळ गोष्टीत तो दोन्ही नाही.

आता जॅकबद्दल. आप्पा, हे वाचताना तुम्ही चष्मा काढून ठेवाल, पण लिहिते. मालिकेतला राजपुत्र समलिंगी आहे. बापापासून लपवतो, बापाला ते माहीत असतं, आणि बाप त्याला सांगतो की राजा व्हायचं तर हे सोड. तुमच्याकडेही गेल्या महिन्यात दिल्ली हायकोर्टाच्या 377 कलमाच्या निकालावरून पेपर भरले असतील, तेव्हा विषय काही तुम्हाला नवा नाही. आमच्या चर्चमधल्या दोन वयस्क बायकांनी त्या भागानंतर मालिका सोडली. लॅबमधल्या पोराचा मित्र मात्र म्हणाला की घरच्यांसमोर जेवणाच्या टेबलावर बसून खोटं हसणारा माणूस त्याने पहिल्यांदा टीव्हीवर खरा बघितला. सेबॅस्टियन स्टॅन म्हणून नट आहे, काम फार चांगलं केलंय.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्याच्या आवडीनिवडीशी मला कर्तव्य नाही. त्यांनी त्याला डेव्हिडचा वैरी करून टाकलं, हे मला खुपलं. योनाथानाने आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरपट्टा काढून दावीदाला दिला. राज्य आपल्या हातचं जाणार हे कळूनही दिला. अख्ख्या पुस्तकात एवढा निर्मळ माणूस दुसरा नाही. तुम्ही कीर्तनात या ठिकाणी पेटी थांबवून नुसत्या तबल्यावर बोलायचात. आणि यांनी त्याच्या जागी जळकुटा भाऊ आणून बसवला. शेवटी शेवटी थोडा पाझर फुटतो त्याला, पण उशिरा.

शेवट तर असा केलाय की लोक वैतागले. राजा पुन्हा गादीवर बसतो, जॅकला कोंडून ठेवतात, मिशेलला हद्दपार करतात, आणि डेव्हिड सीमा ओलांडून गथला पळतो. संपलं. म्हणजे पहिल्या शमुवेलाच्या 21 व्या अध्यायात आणून सोडलं. गादी डेव्हिडला कधी मिळते, मिळते का, काही नाही. सोमवारी लॅबमधला पोरगा माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, 'तुला पुढचं माहीत आहे ना? सांग.'

मग काय, सांगितलं. कँटीनच्या गोंगाटात, एका हातात सँडविच. गथच्या राजापुढे वेड्याचं सोंग घेऊन दाढीवर लाळ गाळणारा दावीद सांगितला, तुम्ही करून दाखवायचात तसा नाही, पण जमेल तसा. एन-गेदीची गुहा सांगितली. शौल आत एकटा शिरतो, मागे अंधारात दावीदाची माणसं दबा धरून, आणि दावीद नुसतं त्याच्या झग्याचं टोक कापतो. 'मारत का नाही?' म्हणून पोराने टेबलावर हात आपटला. नाबाल आणि अबीगईल सांगितली. ती नवऱ्याचा मूर्खपणा निस्तरायला गाढवांवर काय काय लादते ते मी यादीसकट म्हटलं: दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं रांधून तयार, हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिराच्या दोनशे ढेपा. तोवर पलीकडच्या टेबलावरच्या दोघीतिघी खुर्च्या सरकवून आल्या होत्या. एकीने विचारलं, हे पुढच्या सीझनमध्ये होतं का? सीनियर बाई म्हणाली, 'हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या सीझनमध्ये आहे, घरी जाऊन उघड.'

पण इथेच मी अडकले, आणि खरं तर त्यासाठी हे पत्र. पोराने विचारलं, सायलसने नेमकं केलं काय म्हणून देवाने त्याला सोडलं? मी सांगितलं, अमालेकी या शत्रू जमातीचा समूळ नाश करायची देवाची आज्ञा होती. त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं आणि चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली. म्हणाला, एवढंच? मग दावीदाने आयुष्यात काही चूक केली नाही? आता बथशेबा आणि उरीया सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. दुसऱ्याची बायको, आणि मग नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारणं. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. 'याने मेंढरं राखली तर राज्य गेलं, आणि त्याने माणूस मारला तर राज्य राहिलं?'

मी तुमचंच उत्तर दिलं. दावीदाने पश्चात्ताप केला, 51 वं स्तोत्र त्यातूनच आलं. शौल सबबी सांगत बसला, लोकांनी मेंढरं राखली, यज्ञासाठी राखली. पण सीनियर बाई, जी एरवी माझ्या बाजूची, तिने हळूच पंधराव्या अध्यायावर बोट ठेवलं. तिथे शौलही म्हणतो की मी पाप केलं आहे. क्षमा मागतो, शमुवेलाचा झगा धरतो, तो झगा फाटतो. मग त्याचं म्हणणं का मोजलं नाही? ज्यू डॉक्टर शेजारून म्हणाले की त्यांच्या तालमूदात, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, हाच प्रश्न आहे: शौल एकदा चुकला तर त्याच्या डोक्यावर आलं, दावीद दोनदा चुकला तरी नाही. आणि रब्बींनी यावर काय म्हटलं? त्यांनी खांदे उडवले, म्हणाले, असं म्हटलंय की देव ज्याच्या पाठीशी, त्याला कशाची चिंता. लॅबमधल्या पोराला हे बिलकूल पटलं नाही. मलाही नाही.

आप्पा, तुम्ही इतकी वर्षं ही गोष्ट सांगितलीत आणि आम्ही पोरांनी कधी हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? पाळकसाहेबांना विचारून नको, तुमचं स्वतःचं हवंय. पोराला मी सांगून ठेवलंय की भारतातून उत्तर येतंय, आणि सीनियर बाई तर रोज विचारते.

ख्रिसमसला शेजारच्या एक ताई पुण्याला येणार आहेत. मालिकेची डीव्हीडी निघणार म्हणतात, तोवर निघाली तर त्यांच्याबरोबर पाठवते. इंग्रजी फार जड आहे, जुन्या नाटकांसारखी वाक्यं आहेत, तेव्हा दादाला शेजारी बसवा. त्याला म्हणावं, मधेमधे पुढे पळवू नकोस. आईचं गुडघ्याचं औषध त्याच पिशवीत असेल. ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं, उपाशीपोटी नाही, हे तिला दोनदा वाचून दाखवा.

उत्तर मात्र फोनवर नको. लिहूनच पाठवा, आणि जरा मोठ्या अक्षरात, कारण ते मला वॉर्डात उभं राहून इंग्रजी करून सांगायचंय.

तुमची,
बेबी