मिनिआपोलिसच्या गिरणीवरून

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

काल पट्टा बदलायला म्हणून दुपारभर गिरणी बंद होती. तुळईवर साचलेलं पीठ केरसुणीने झाडताना तू आम्हाला दाखवलेलं ते मिनिआपोलिसचं नदीकाठचं संग्रहालय आठवलं, आगीत जळून नुसत्या भिंती उरलेल्या गिरणीतलं. घरी आल्यापासून ती गिरणी बांधणाऱ्या वॉशबर्नविषयी सापडेल ते वाचतोय.

कॅडवॉलडर वॉशबर्न अमेरिकेतल्या मेन राज्यातला, जन्म १८१८चा. तो अकरा वर्षांचा असताना बापाचं दुकान बुडालं. एकविशीत पश्चिमेला निघाला, शाळेत शिकवलं, जमिनी मोजल्या, वकिली शिकला आणि विस्कॉन्सिनात जमिनी-लाकडावर पैसा उभा केला. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेला तेव्हा तिघे भाऊ तीन राज्यांतून एकाच सभागृहात बसत होते. यादवी युद्धात घोडदळाचा कर्नल होऊन गेला, मेजर जनरल झाला, पुढे विस्कॉन्सिनचा गव्हर्नर. बायको मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतर मनाने आजारी पडली ती कायमची. एवढं सगळं वाहून हा माणूस कामाला लागायचा. मला तो जवळचा वाटतो तो गिरणीवाला म्हणून.

२ मे १८७८. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याची सर्वांत मोठी ‘ए’ गिरणी उडाली. दिवसपाळीची माणसं घरी गेली होती. आत रात्रपाळीचे चौदा जण होते, त्यातला एकही वाचला नाही. शेजारच्या गिरण्यांतले आणखी चार गेले. दारूगोळा नव्हता रे तिथे, हवेत तरंगणारं पीठ होतं. तेच पीठ पोत्यात असलं की धड पेटतही नाही, पण कोंडलेल्या हवेत उडालं की एक ठिणगी पुरते. ठिणगी कशी पडते हे तुला ठाऊक आहे. वरचे दाणे संपले आणि दगड रिकामे फिरले की खालून जळका वास येतो. तू लहानपणी त्या वासाने ‘बाबा, बंद करा!’ म्हणत धावत यायचास.

वॉशबर्नने १८८०पर्यंत त्याच जागी नवी गिरणी उभी केली. धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली, दगडांच्या जागी पोलादी रोलर आणले. १८८२मध्ये तो वारला. मिनिआपोलिसमध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम काढायला मृत्युपत्रात ३,७५,००० डॉलर ठेवून गेला. ती धूळ ओढणारी यंत्रं आधी असती तर, हा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहिला असेल, असं मला वाटत नाही.

माझ्याकडे आज दोन पोरं कामाला आहेत. संध्याकाळी त्यांच्या पापण्या पांढऱ्या असतात, धाकट्याचा खोकला दोन महिने हटलेला नाही. म्हणून वरच्या मजल्यासाठी तू पाठवलेल्या पैशांतून मी धूळ ओढायचा पंखा आणि कापडी पिशव्या बसवतोय. मिस्त्री सोमवारी येतोय. मजला पुढच्या वर्षी बघू. तुला न विचारता ठरवलं, रागावू नकोस.

एक काम कर. त्या अठरा जणांचं स्मारक तिथल्या लेकवुड दफनभूमीत आहे. आपलं जायचं राहिलं. सुट्टीच्या दिवशी जा, फुलं ठेव आणि नावं वाचता येतील असा फोटो पाठव. गिरणीत लावायचा आहे.

आई बरी आहे. थंडीत कानटोपी घालत जा.

तुझा,
बाबा