शंभरपर्यंत येतं, म्हणजे नेमकं काय येतं?

महोदय,

अंगणवाडीत नवीन पालक आले की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, आमचा शंभरपर्यंत म्हणतो, लिहायला कधी शिकवणार?" पोरगं जेमतेम चार वर्षांचं. शेजारच्या घरातलं इंग्रजी शाळेत वह्या भरतं आणि आम्ही म्हणे नुसतं खेळवतो.

अशा वेळी मी चिंचोके काढते. सहा-सहाच्या दोन ओळी, समोरासमोर. "सारखे आहेत का?" "हो." मग खालची ओळ जरा पसरते. आता? "हे जास्त!" घडाघडा शंभर म्हणणारं मूलही बहुधा हेच सांगतं. मोजायला लावलं तर दोन्हीकडे सहा मोजतं आणि तरी लांब ओळीवरच बोट ठेवतं. आई कपाळाला हात लावते. पण मूल कच्चं नाही. या वयात लांब दिसेल ते जास्त, हे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशाच प्रयोगांतून दाखवलं. सहा-सात वर्षांच्या आसपास मूल स्वतःच म्हणू लागतं, "नुसते लांब ठेवलेत की!"

यापुढची गोष्ट प्रशिक्षणात ऐकली तेव्हापासून डोक्यातून जात नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला, पण ओळ विस्कटली ती एका खोडकर टेडी अस्वलाने. तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं "सारखेच" म्हणाली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं, यांना आता वेगळं उत्तर हवंय! मी आमच्या कापडी माकडाला वांडपणा करायला लावते. फरक पडतो, सगळ्यांत नाही, पण पडतो.

म्हणूनच तीन वर्षांच्या मुलांचा 'इंटरव्ह्यू' घेणाऱ्या शाळांचा मला राग येतो. अनोळखी खोली, अनोळखी बाई, "नीट बघ, कोणता रंग?" असं दुसऱ्यांदा विचारणं, बरोबर सांगितलेलं मूलही तिथे उत्तर फिरवतं. यातून त्याची बुद्धी कशी कळणार?

ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत शिंपले, बिया, पानं घेऊनच बालशिक्षण उभं केलं. बियांना आमच्याकडेही तोटा नाही. मोबाईलवरच्या नोंदी आणि रजिस्टरं यांतून मुलांसोबत बसायला रोज एक सलग तास तेवढा मिळावा.

– एक अंगणवाडी सेविका, जि. सांगली