दोन मिनिटांत फाटलेलं पत्र

प्रिय सुध्या,
प्रभूमध्ये सलाम.

देव कुणाला तारणार हे त्यानं आधीच निवडलंय, या ‘निवडी’विषयीचा तो लांबलचक मेसेज तू मला एकट्याला पाठवला होतास. मी तो एकाला वाचायला दिला आणि संध्याकाळपर्यंत तो आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरत होता. लोक तुला नाही नाही ते बोलले आणि मी गप्प बसलो. चूक माझीच. माफ कर.

तेव्हापासून जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफील्ड, अठराव्या शतकातले ते दोन इंग्रज उपदेशक मित्र, डोक्यातून जात नाहीत. 1739 साली ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करायला वेस्लीला व्हिटफील्डनंच बोलावून घेतलं होतं. त्याच गावात वेस्ली याच पूर्वनिवडीच्या शिकवणीविरुद्ध बोलला. हा विषय काढू नकोस म्हणून व्हिटफील्डनं विनवलं, तरी वेस्लीनं तो उपदेश छापलाही. वचन होतं बायबलमधलं रोमकरांस 8:32, देवानं आपला पुत्र आपल्या सर्वांकरता दिला. त्या ‘सर्वांकरता’पाशी मीही अडतो. कुणाचं तारण होणार हे आधीच ठरलंय, तर उपदेश कशाला, असं वेस्लीचं म्हणणं. व्हिटफील्डनं अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या आपल्या अनाथाश्रमातून 24 डिसेंबर 1740 ला उत्तर लिहिलं. निवड शिकवायला तर याहून चांगलं वचन शोधून सापडायचं नाही, म्हणाला! आणि निवडलेले कोण हे आपल्याला कुठं ठाऊक आहे? म्हणून सगळ्यांनाच सांगायचं, देव आपल्या माणसांना त्यातूनच बोलावतो. तुझा मेसेज परत वाचला, तर तूही हेच म्हणत होतास. मी मात्र ‘मग आपण कळसूत्री बाहुल्याच’ म्हणून तुला तोडून टाकलं.

पुढचं ऐक. लंडनमध्ये तोफा ओतायच्या एका जुन्या कारखान्यात वेस्लीची मंडळी जमायची. 1 फेब्रुवारी 1741 ला तिथं व्हिटफील्डनं वेस्लीला लिहिलेलं एक खासगी पत्र वाटलं गेलं, दोघांनाही न विचारता छापलेलं. उपदेश झाल्यावर वेस्लीनं एक प्रत हातात घेतली, घडलं ते सांगितलं, आणि ‘व्हिटफील्ड इथं असता तर त्यानं जे केलं असतं तेच मी करतो’ म्हणत सगळ्यांदेखत फाडली. मग ज्याच्या त्याच्या हातातली प्रत फाटली. दोन मिनिटांत एकही धड उरली नाही.

दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. पण 1770 मध्ये व्हिटफील्ड अमेरिकेत वारला, तेव्हा लंडनला त्याच्या स्मरणार्थ उपदेश वेस्लीनं केला. व्हिटफील्डचीच तशी इच्छा होती.

तो मेसेज खासगी होता, सगळ्यांनी पुसून टाका, असं आज मी ग्रुपवर लिहिलंय. उशीर झालाय, कळतंय मला. रोमकरांसच्याच नवव्या अध्यायातला कुंभार आणि माती यांवर तुझ्याशी अजून बोलायचंय. पटेलच असं नाही. रविवारी भक्तीनंतर थांब, घरीच जेवायला ये.

तुझाच,
मित्र